ब्रेक दाबला की पेडल पायाला ठोके देतंय, डिस्कला टर्निंग मारूनही दोन-तीन महिन्यात परत तेच

विषय असा आहे. गाडी साठ-सत्तरला चाललीय, पुढं कोणतरी आडवं आलं म्हणून हलकाच ब्रेक लावला आणि पेडल पायाखाली धडधडायला लागलं, कधी स्टेअरिंगपण थरथरतं, आणि गाडी थांबत आली की ठोकेपण हळू हळू होत जातात. गॅरेजला नेलं की उत्तर ठरलेलं, डिस्क (चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची थाळी) बेंड झाली, टर्निंग मारून घ्या, म्हणजे लेथवर तासून सपाट करून घ्या, नायतर नवीन टाका. टर्निंग मारली, पहिले काही दिवस गाडी एकदम मस्त थांबते, आणि पाच-सहा हजार किलोमीटर झाले की परत धडधड. मग नवीन डिस्क, मग परत तेच, आणि शेवटी माणूस म्हणतो ह्या मॉडेलचाच फॉल्ट आहे.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर असतो. असल्या डिस्का आमच्याकडं सारख्या येतात आणि त्यातल्या बऱ्याच आधी एकदा कुठंतरी टर्निंग मारून परत आलेल्या असतात, म्हणून धंद्याच्या विरोधात जाऊन सांगतोय की डिस्कला धरून बडवणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. चोर बहुतेक वेळा डिस्कच्या मागं हबवर (ज्याच्यावर डिस्क आणि चाक बसतं) नायतर शेजारी कॅलिपरमधे (जो दोन्ही बाजूनं पॅड डिस्कवर दाबतो) बसलेला असतो. तो तसाच ठेवून डिस्क बदलली की नवीन डिस्कपण काही महिन्यात त्याच लाईनला लागते.

आधी हे समजून घ्या की ठोके येतात कशामुळं. डिस्क दोन प्रकारे खराब असू शकते. एक म्हणजे आऊट पळणं, आरे ढिले झालेल्या सायकलची रिम ब्रेकच्या रबरांमधे जशी डुलते तशी. दुसरं म्हणजे जाडीतला फरक, एका जागी जाड एका जागी पातळ. आता आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचा कॅलिपर तरंगता असतो, पिनांवर आत-बाहेर सरकतो, त्यामुळं डिस्क थोडी डुलली तर कॅलिपरपण तिच्याबरोबर सरकतो आणि पायाला फारसं काय कळत नाय. पण जाडी बदलली की जाड जागा पॅडमधून जाताना पिस्टनला (पॅड दाबणारा दट्ट्या) मागं ढकलते, ब्रेक ऑइल मागं मास्टर सिलिंडरकडं, म्हणजे पेडलला जोडलेल्या पंपाकडं येतं आणि तो धक्का थेट पायाला. ह्याला फरक लागतो किती, तर मिलीमीटरच्या शंभराव्या भागात, ०.०१५ ते ०.०२ मिमी झाला की पायाला जाणवायला लागतं. डोळ्याला दिसणं शक्यच नाय, हातानं चाचपूनपण कळणार नाय.

आणि खरी गोम इथं आहे. डिस्क आऊट असली की ब्रेक लावलेला नसतानासुद्धा तिची बाहेर आलेली जागा प्रत्येक फेऱ्याला पॅडला घासून जाते. एका फेऱ्यात काय होत नाय, पण गाडीचं चाक एका किलोमीटरला साधारण साडेपाचशे फेरे मारतं, हजारो किलोमीटर तीच जागा घासली की ती पातळ होते, नायतर पॅडचं मटेरियल तिथं चिकटून जाड होते. म्हणजे आज आऊट, दोन-तीन महिन्यांनी जाडीत फरक. म्हणूनच टर्निंग मारल्यावर लगेच बरं वाटतं, जाडी सारखी झालेली असते ना, पण आऊट तसंच राहिलेलं असतं आणि ते गपचूप परत आपलं काम चालू करतं. डिस्क बेंड झाली हे जे सगळे म्हणतात ते फार क्वचित खरं असतं, बीडाची प्लेट अशी सहजासहजी वाकत नाय.

आता गाडी खोलायच्या आधी रस्त्यावरच अर्धं निदान होतं, फुकटात.

ब्रेकला हात न लावता गाडी ऐंशीला थरथरत असेल तर ब्रेकचा विषयच नाय, आधी बॅलन्सिंग आणि रिम बघा. ब्रेक लावल्यावर स्टेअरिंग हलत असेल तर पुढची डिस्क. स्टेअरिंग शांत, पण पेडल आणि सीट हलत असेल तर मागची बाजू, म्हणजे बहुतेक गाड्यांना ड्रम (डब्यासारखा, आतून ब्रेक लागणारा). खात्री करायची असेल तर मोकळा रस्ता, मागं-पुढं कोण नाय असं बघून तीस-चाळीसच्या स्पीडला हँडब्रेकचं बटण दाबून धरायचं आणि दांडी हळूहळू वर घ्यायची, बटण सोडायचं नाय. गाडी झटके देत थांबली तर मागचा ड्रम ओव्हल झालाय. बटणावर चालणारा इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर हे करू नका.

ठोक्यांचा वेगपण ऐका. छोट्या गाडीचं चाक एका फेऱ्यात पावणेदोन-दोन मीटर जातं, म्हणजे साठच्या स्पीडला सेकंदाला नऊ-एक फेरे आणि वीसला तीनच. तर ठोके गाडीच्या स्पीडबरोबर कमी होत असतील तर फिरणाऱ्या वस्तूत दोष आहे, डिस्क नायतर ड्रम. पण गाडी अगदी थांबत आली, आठ-दहाच्या स्पीडला आहे, आणि तिथंच पेडल एकदम खरखर करून खाली-वर होतंय, आधी काय नव्हतं, तर ते डिस्कचं नाय, एबीएस, म्हणजे चाक लॉक होऊ न देणारी ब्रेकची सिस्टीम, विनाकारण चालू होतंय. २०१९ च्या एप्रिलपासून आपल्याकडं सगळ्या नवीन कारला एबीएस सक्तीचं आहे, त्यामुळं हा प्रकार आता बराच बघायला मिळतो. चाकाच्या सेन्सरवर लोखंडाचा चुरा बसलेला असतो नायतर एक्सलवरची दातेरी रिंग गंजून फुगलेली किंवा तडकलेली असते, कॉम्प्युटरला वाटतं चाक लॉक झालं. सेन्सर काढून पुसा, रिंग टॉर्च लावून पूर्ण एक फेरा फिरवून बघा, एक बारीक चीर पुरते. आणि पावसात ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारल्यावर पेडल करकर करतं ते तर एबीएसचं कामच आहे, ते बरोबर चाललंय, गॅरेजला जाऊ नका.

बरं, पुढच्या डिस्कवर आलो. गाडी सपाट जागेवर, मागच्या चाकांना दगड, जॅक लावून खाली घोडी लावायची, नुसत्या जॅकवर चाक काढून आत हात घालायचा नाय. चाक काढल्यावर डिस्क हबवर ढिली असते, म्हणून नट परत लावायचे, मधे जाड सपाट वायसर टाकून सगळे सारखे आवळायचे, नायतर पुढचं सगळं माप खोटं. आधी डिस्क दोन हातांनी धरून आत-बाहेर ढकला, खुळखुळ जाणवली तर बेअरिंग गेलंय, तेच आधी करा.

मग डायल गेज, म्हणजे मिलीमीटरचे शंभरावे भाग दाखवणारं सुईचं माप. मॅग्नेटचा स्टँड नकलवर (हब ज्यात बसतो तो न फिरणारा भाग) किंवा शॉकअपच्या खालच्या भागावर बसवायचा आणि टोक डिस्कच्या बाहेरच्या कडेपासून दहा-एक मिलीमीटर आत टेकवायचं. हातानं डिस्क हळू फिरवा आणि सुई किती खेळते बघा. ०.०५ मिमीच्या आत असेल तर छान. बऱ्याच कंपन्या ०.१० पर्यंत चालेल म्हणतात, पण माझं मत विचाराल तर ०.०५ च्या वर गेलं की ती डिस्क परत येणार असं धरून चाला. डायल गेज सगळ्यांकडं नसतं मान्य आहे, पण कोल्हापुरात डायल गेज मिळत नाय असं कोण म्हणालं तर हसतील लोक, उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव कुठंही ओळखीच्या वर्कशॉपमधे एक तासाला मागा.

समजा सुई ०.१२ खेळली. आता लगेच डिस्कला दोष द्यायचा नाय. जिथं सुई सगळ्यात वर गेली तिथं डिस्कवर खडूनं खूण करा, आणि त्या खुणेजवळच्या हबच्या बोल्टवरपण खूण करा. कॅलिपर सोडून तारेनं स्प्रिंगला अडकवा (होजवर, म्हणजे ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर लटकत सोडू नका, आतून होज फाटतो आणि ते बाहेरून दिसत नाय), डिस्क काढा, एक भोक पुढं सरकवून परत बसवा, परत नट आवळा, परत डायल फिरवा. सुई सगळ्यात वर जायची जागा डिस्कच्या खुणेबरोबर सरकली तर डिस्क आऊट. जागा बोल्टच्या खुणेपाशीच राहिली तर हब आऊट, आणि मग तुम्ही दहा डिस्का बदला, काय उपयोग नाय.

आणि हब म्हणजे दर वेळी हबच वाकलेला असतो असं नाय. डिस्क काढल्यावर हबचा सपाट फेस बघा, बोल्टांच्या भोवती आणि मधल्या गोल उंचवट्याच्या कडेला तांबूस-काळी पापडी धरलेली असते. आपल्याकडं जून ते सप्टेंबर जो पाऊस असतो, वर गगनबावड्याकडं तर विचारू नका, आणि २०१९ नि २०२१ च्या पुरात ज्या गाड्या पाण्यात उभ्या होत्या त्यांचे हब तर मी बघितलेत, छिन्नी लावावी लागते. ती पापडी नुसती ०.०३ मिमीची एका बाजूला राहिली, म्हणजे वहीच्या कागदाच्या निम्म्याहूनपण कमी, तर हबच्या १४० मिमी व्यासावरचा तो कल डिस्कच्या २३० मिमीवर जाईस्तोवर ०.०५ होतो. म्हणजे लिमिट तिथंच संपली. नवीन डिस्क, महागातली डिस्क, सगळं बरोबर, आणि घाणीवर बसवली.

साफ करायचं म्हणजे फडकं मारायचं नाय. वायर ब्रशनं, मग बोल्टांच्या भोवती जिथं ब्रश पोचत नाय तिथं एमरी पेपर बोटावर गुंडाळून, धातू चमकेपर्यंत. डिस्कच्या टोपीचा, म्हणजे हबवर बसणाऱ्या मधल्या फुगीर भागाचा, आतला फेसपण तसाच. पण ग्राइंडर लावू नका, एका जागी खड्डा पाडून बसाल. फेसवर ग्रीस थापू नका, मधल्या गोल उंचवट्यावर अगदी पातळ हात फिरवला तर हरकत नाय. साफ झाल्यावर परत डायल लावा. बऱ्याच गाड्यांत ०.१२ चं ०.०६ नुसतं एवढ्यानं होतं, आणि भोकं बदलून बदलून चार जागी बसवून बघितलं की त्यातली एखादी जागा ०.०४ ची सापडते, हबचा कल आणि डिस्कचा कल एकमेकांना मारतात. ती जागा सापडली की खूण करून ठेवा.

जाडी मोजायला मायक्रोमीटरच घ्या, व्हर्नियर नको. डिस्कच्या बाहेरच्या कडेला गंजाची एक ओठ राहिलेली असते, व्हर्नियरचा जबडा तिच्यावर टेकतो आणि जाडी आहे त्याच्यापेक्षा जास्त दाखवतो, शिवाय साध्या व्हर्नियरला ०.०२ च्या खाली कळत नाय आणि आपण शोधतोय त्याच्याच आसपासचं. कडेपासून सारखं अंतर धरून आठ जागी मोजा आणि खडूनं डिस्कवरच लिहा. सगळ्यात कमी आकडा डिस्कवर ओतलेल्या किंवा कोरलेल्या किमान जाडीच्या खाली असेल तर टर्निंग-बिर्निंग काय नाय, नवीन घ्या. घासून घासून पातळ केलेली डिस्क घाटात तापते आणि तडकते, इथं काटकसर नको.

आता कॅलिपर, कारण दुसरा चोर हा. दोन्ही पिना हातानं सरकल्या पाहिजेत. खालची सरकते वरची अडकलेली असं नेहमी सापडतं, रबर फाटून पाणी गेलेलं असतं. अडकली की पॅड डिस्कला सोडत नाय, एका बाजूला सतत घासतं, तापतं, आणि वर सांगितलं तो सगळा कारभार दुप्पट वेगानं होतो. ओळखायचं कसं, तर आतला आणि बाहेरचा पॅड शेजारी ठेवा, एक अर्धा आणि एक संपलेला असेल तर पिना नायतर पिस्टन. पिना घासून, पुसून ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस लावा. बेअरिंगचं पिवळं ग्रीस लावणारे लई आहेत, त्यानं रबर फुगतं आणि पिन आधीपेक्षा घट्ट होते. पिस्टन सी-क्लॅम्पनं मागं दाबून बघा, दाबायच्या आधी ब्रेक ऑइलच्या वरच्या डबीतलं थोडं ऑइल काढून घ्या, सांडलं तर पेंट उडवतं. पिस्टन जात नसेल तर ब्लीडिंग निपल (कॅलिपरवरचा हवा काढायचा स्क्रू) थोडा उघडा, आता सहज गेला तर पिस्टन बरा आहे, होज आतून बंद झालाय. निपल उघडूनही जात नसेल तर सील किट नायतर कॅलिपर. निपल उघडला की शेवटी ब्लीडिंग करावंच लागतंय.

एवढं सगळं करून डिस्क खरंच आऊट किंवा जाडीत गेलेली निघाली आणि मटेरियल शिल्लक असेल तर टर्निंग जरूर मारा, चांगली डिस्क फेकायची काय गरज. पण लेथवाल्याला एकच प्रश्न विचारा, पकडताना डायल कुठं लावणार? उत्तर पाहिजे, टोपीच्या आतल्या फेसवर, जो हबवर बसतो. तो फेस साफ करून, त्यालाच सरळ धरून, दोन्ही बाजू एकाच पकडीत मारल्या तरच डिस्क गाडीवर सरळ पळणार. घाईत आहे तशी चकमधे आवळून दोन्ही बाजू मारल्या तर डिस्क चकाचक दिसते, जाडी सगळीकडं सारखी, आणि हबवर मात्र आऊट. म्हणजे दोन महिन्यांची गॅरंटी आम्हीच देऊन टाकली. दोन्ही डिस्का एकदमच करा, एकच बाजू केली तर ब्रेक लावल्यावर गाडी एका बाजूला ओढते.

ड्रमचं थोडक्यात. घाट उतरून आल्या आल्या तापलेल्या ड्रमवर हँडब्रेक खचकन ओढून गाडी उभी करायची सवय असेल तर ती सोडा, थंड होताना ड्रम त्याच आकारात आवळतो आणि ओव्हल होतो. ड्रमवर जास्तीत जास्त व्यास ओतलेला असतो, त्याच्या आत टर्निंगमधे निघत असेल तर काढा, नायतर जोडी बदला, आणि लायनरला (ड्रमला आतून घासणारी पट्टी) तेल लागलंय का बघा.

बसवताना सगळ्यात जास्त वाटोळं होतं ते एअर गननं. पंक्चरवाला एक नट फुल्ल आवळतो, मग शेजारचा, आणि चौथ्याला येईस्तोवर डिस्कची टोपी ताणलेली असते. तुम्ही एवढं ०.०४ वर आणलेलं तिथं पाच मिनिटात गेलं. नट हातानं लावा, समोरासमोरच्या जोडीनं, दोन टप्प्यांत, आणि शेवट टॉर्क रेंचनं. छोट्या गाड्यांना साधारण १०० न्यूटन मीटरच्या आसपास असतं, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात बघा. पंक्चर काढलं तरी घरी येऊन नट ढिले करून परत आवळायचे, लोक हसले तर हसू द्या.

गाडी हलवायच्या आधी पेडल तीन-चारदा पंप करा, पिस्टन मागं दाबलेले आहेत, पहिला ब्रेक थेट खाली जातो. नवीन डिस्कवर गंज न लागायचं तेल असतं ते ब्रेक क्लीनरनं पुसलेलं असू दे. मग पॅड आणि डिस्क एकमेकांना नीट बसावेत म्हणून सकाळी लवकर मोकळा रस्ता बघून साठवरून पंधरा-वीसपर्यंत मध्यम ब्रेक, आठ-दहा वेळा, मधे थोडं अंतर चालवून, पूर्ण थांबायचं मात्र नाय. मग पाच-दहा मिनिटं ब्रेक न लावता चालवून थंड होऊ द्या. तापलेल्या पॅडवर गाडी दाबून उभी केली की पॅडचा छाप डिस्कवर उठतो. हेच रोजच्यालापण लागू आहे, आंबा घाट किंवा जोतिबाचा डोंगर उतरताना दुसऱ्या गिअरला ठेवा, ब्रेकवर पाय ठेवून सरकत येऊ नका, आणि खाली येऊन लगेच वॉशिंग सेंटरला गरम चाकावर पाण्याचा फवारा तर अजिबात नको. पावसात आठवडाभर उभ्या गाडीला पहिले काही ब्रेक खरखर लागतात, ती गंजाची पातळ पावडर असते, आपोआप जाते, तिच्यासाठी काय खोलू नका.

पाच-सहा हजार किलोमीटरनं पुढच्या सर्व्हिसला चाक निघेलच, तेव्हा परत एकदा डायल आणि मायक्रोमीटर लावून आधीच्या आकड्याशी ताडून बघा. आऊट तेवढंच आणि आठही जागी जाडी सारखी असेल तर चोर सापडला. आणि ह्या सगळ्यात कधीही पेडल ठोक्यांबरोबर खाली बसायला लागलं, डबीतलं ऑइल कमी होत असेल किंवा डिस्कवर आरपार चीर दिसली, तर हे काहीच करत बसू नका, गाडी टो करून न्या.